शंभराला तीस

आमच्या शेडमध्ये वस्ताद एकच होता. बाकी सगळे कारागीर, आणि मी रंगारी. कुणाला नावाने हाक मारायची त्याला सवय नव्हती, आणि त्याची सवय हीच शेडची रीत. गाडीचा बंपर, बॉनेट, मागचा पंख, चाकांवरच्या रुंद कमानी, म्हणजे जे कंपनी बनवत नाही आणि गिऱ्हाइकाला नेमकं तेच हवं असतं, ते वस्ताद फायबरग्लासमध्ये घडवून द्यायचा. तीस वर्षं त्याने हेच केलं. लोक म्हणायचे, त्याच्या हातात जादू आहे. मी बावीस वर्षं त्याच्या शेजारी रंग मारला. जादूबिदू काही नव्हती. माणूस मन लावून काम करायचा, आणि त्याच्याकडे होतं नव्हतं ते सगळं मन तिथेच संपायचं.

म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे. चांगलंच बोलेन अशी हमी मात्र देत नाही.

फायबरग्लास म्हणजे शेवटी काच. केसाहून बारीक धाग्यांची चटई येते. ती साच्यात अंथरायची, तिच्यावर रेझिन ओतायचं, ब्रशने ठोकून ठोकून हवा काढायची आणि कडक झालं की कडा घासायच्या. घासताना जी भुकटी उडते ती थेट कातडीत शिरते. वस्ताद घरी गेला की वहिनी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, वेगळ्या दोरीवर वाळत घालायची, तरी घरात कुणी ना कुणी खाजवतच असायचं. धाकटी मुलगी दोन वर्षांची असताना त्याच्या मांडीवर बसली आणि संध्याकाळभर अंग ओरबाडून रडली. त्या दिवसापासून त्याने तिला उचललं नाही. वहिनी हे सांगते तेव्हा तिला वाटतं, ऐकणाऱ्याला त्याची कीव यावी. मला नाही येत. आंघोळ करून उचलता आलं असतं.

शिकवायची त्याची एक पद्धत होती. तो शिकवायचा नाही. नवा माणूस चूक करायला लागला की वस्ताद हातातलं काम खाली ठेवायचा आणि हाताची घडी घालून उभा राहायचा. तेवढ्यावरून शेडभर कळायचं की आता काहीतरी बिघडणार आहे. कळायचं नाही ते फक्त बिघडवणाऱ्याला. माल पुरता वाया गेला की वस्ताद म्हणायचा, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं." आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायचा नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला निदान उत्तर देता येतं.

आणि माल तयार झालाच, तर तो जमिनीवर ठेवून बनवणाऱ्यालाच त्यावर उभं करायचा, सगळ्यांसमोर. फायबरग्लासचं एक बरं असतं, त्याला दुखलं की ते सांगतं. आधी करकरतं, मग जिथे ताण आला तिथे आतून पांढरं पडतं. पांढरा डाग दिसला की वस्ताद त्यावर बोट ठेवायचा आणि चहा प्यायला निघून जायचा.

त्याचा सख्खा धाकटा भाऊही याच शाळेत शिकला. फायबरग्लासच्या रेझिनमध्ये हार्डनर घालावा लागतो, त्याशिवाय ते कडक होत नाही. थंडीत थोडा जास्त, उन्हाळ्यात अगदी कमी. किती, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. वस्ताद दारात जाऊन हवा अंगावर घ्यायचा आणि बाटलीच्या झाकणाने ओतायचा. धाकट्याने एका भर उन्हाळ्यातल्या दुपारी थंडीतलं माप घातलं. वस्तादाने पाहिलं आणि हाताची घडी घातली. थोड्या वेळाने बादली धुरायला लागली. धाकट्याने घाबरून ती बाहेर न्यायला उचलली, तळ वितळला होता, आणि ते उकळतं रेझिन त्याच्या उजव्या तळहातावर आलं. वस्तादाने धावत जाऊन त्याचा हात नळाखाली धरला, हे मी नाकारत नाही. हात नळाखाली धरूनच तो म्हणाला, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तेव्हापासून धाकटा काट्यावर मोजल्याशिवाय पाणीसुद्धा ओतत नाही.

माझी पाळी नंतर आली. एका लाल गाडीचं बॉनेट होतं. वस्तादाने माल माझ्याकडे दिला, मी तीन दिवस खपून त्यावर असा रंग चढवला की आरसा बाजूला ठेवावा. गाडी उन्हात उभी राहिली आणि मालकाच्या डोळ्यांदेखत बॉनेटवर फोड उठले. माल आतून कच्चा होता, त्यातून अजून वाफ निघत होती, आणि तिला बाहेर पडायला माझ्या रंगातूनच वाट होती. मालकाने चार माणसांत मला जे ऐकवलं त्यात माझ्या आईचाही उल्लेख होता. वस्ताद दारात उभा होता, हाताची घडी घालून. मालक गेल्यावर म्हणाला, "अजून चार दिवस ठेवायला हवं होतं. विचारलं असतंस तर..." पुढचं मी मनातच पूर्ण केलं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी ती विसरलो नाही. विसरणारी माणसं मोठ्या मनाची असतात म्हणे. असतील.

धाकटा त्याच सुमारास शेड सोडून गेला आणि आठ-नऊ वर्षांनी परत आला तो कार्बन फायबरचं काम शिकून. शेड दोघांच्या वडिलांची, अर्धी त्याची होतीच. त्याने मधोमध जाड प्लास्टिकचा पडदा टांगला, पलीकडची फरशी दोनदा धुतली, काटा आणला, हवा ओढायचा पंप आणला, आणि भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: शंभराला तीस. म्हणजे शंभर ग्रॅम रेझिनला तीस ग्रॅम हार्डनर. एकोणतीस नाही, एकतीस नाही. थंडी असो की ऊन, शंभराला तीस.

पहिल्या दिवशी वस्ताद पडदा बाजूला करून बघायला गेला आणि हसला. "शिवणकाम सुरू केलंस काय रे?" कारण धाकटा काळं विणलेलं कापड कात्रीने कापून, हातमोजे घालून, झोपलेलं मूल उचलावं तसं उचलून साच्यात ठेवत होता. फायबरग्लासची चटई कशीही ठोका, दाबा, ओढा, ती ऐकून घेते. वर पुट्टी, अस्तर आणि माझा रंग चढला की आत काय गोंधळ आहे ते फक्त करणाऱ्याला ठाऊक. कार्बनवर रंग चढवतच नाहीत. गिऱ्हाईक ते विणकाम दिसावं म्हणूनच एवढं मागे लागतं. कापड एका बोटाने जरी सरकलं, तरी ती वाकडी ओळ गाडी मोडीत जाईपर्यंत दिसत राहते. माल हातात घेतला तर जवळजवळ निम्म्या वजनाचा, ताकदीला फायबरग्लासच्या कितीतरी वर. आणि तुटायची वेळ आली तर ना करकर, ना पांढरा डाग. तुटलं की तुटलं.

माझ्याकडे काम उरलं ते वरून पारदर्शक लॅकर मारायचं. बावीस वर्षं रंग मारून मी बिनरंगाचा रंगारी झालो. त्याचं दुःख मला होतं, पण वस्तादाला माझ्याहून जास्त होणार हे दिसत होतं, तेव्हा मी ते मजेत सोसलं.

तीन वर्षांत पडद्याच्या अलीकडची बाजू ओस पडली. साचे मात्र सगळे वस्तादाचेच होते. कार्बनचा मालही फायबरग्लासच्याच साच्यात घडतो. धाकटा ते साचे नेताना विचारायचा, "नेऊ का, दादा?" आणि उत्तराची वाट न बघता न्यायचा. वस्ताद रिकाम्या टेबलावर बसून जुने ब्रश साफ करायचा. साफ ब्रश पुन्हा साफ करायचा.

एक दिवस वहिनी शेडमध्ये आली. इतक्या वर्षांत ती दुसऱ्यांदा आली असेल. मी लॅकर गाळत बसलो होतो, माझ्यासमोरच ती धाकट्याला म्हणाली, "भावोजी, ह्यांना तुमच्या बाजूला घ्या. घरी बसले तर मला आणि पोरींना खातील."

"इथे नव्याने शिकावं लागेल, वहिनी."

"शिकतील."

"अडलं तर विचारावं लागेल."

यावर वहिनीने नुसता पदर खोचला. एवढी वर्षं संसार केलेला, काय बोलणार. धाकट्याने थोडा वेळ काटा पुसला आणि म्हणाला, "एक बॉनेट त्याने एकट्याने करायचं. नीट निघालं तर टेबल त्याचं, मी मध्ये बोलणार नाही. नाही निघालं तर घासायच्या खोलीत बसायचं. मंजूर असेल तर उद्यापासून येऊ दे."

घासायची खोली म्हणजे माझ्या खोलीला लागून एक बिनखिडकीचं खोपटं आहे. आत एक पंखा आणि एक स्टूल. दिवसभर कडा घासायच्या आणि काळी भुकटी गिळायची. तिथे आम्ही कुणालाही टिकलेलं पाहिलं नाही. टेबलावर उभं राहायचं की त्या खोलीत बसायचं, एवढंच आता त्या माणसाच्या आयुष्यात ठरायचं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला.

दोन आठवडे तो धाकट्याच्या मागे उभा राहून बघत होता. एक शब्द विचारला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. पण नजर त्याची होतीच. कापड कसं उचलायचं, कोपऱ्यात कात्रीची चीर कुठे द्यायची, वरून पिशवी चिकटवून हवा कशी ओढायची, हे सगळं त्याने डोळ्यांनी उचललं. त्याच्या बॉनेटचा दिवस आला तेव्हा त्याने ते काळं कापड साच्यात असं अंथरलं की एक ओळ हलली नाही. ज्या हातांनी तीस वर्षं चटया बडवल्या, ते हात. मला ते बघवत नव्हतं, इतकं ते सुंदर होत होतं.

सकाळ गारठ्याची होती. धाकटा पडद्यापलीकडे होता आणि शब्द दिल्याप्रमाणे फिरकला नाही. मी टेबलाजवळ माझी लॅकरची बंदूक धूत बसलो होतो. वस्तादाने रेझिन काट्यावर घेतलं, सहाशे ग्रॅम. हार्डनर घेतला, एकशे ऐंशी. बरोबर. ढवळलं. मग सवयीने डब्याच्या बाहेरून हाताची मागची बाजू लावली. फायबरग्लासचं रेझिन थोड्याच वेळात हाताला कोमट लागतं, मग समजायचं की गाडी सुरू झाली. हा डबा गारच होता. त्याने पुन्हा हात लावला. दाराकडे जाऊन हवा अंगावर घेतली आणि परत आला. हार्डनरच्या कॅनवर त्याचा हात गेला आणि तिथेच थांबला.

त्याने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आज गार आहे, नाही?" तो म्हणाला.

कार्बनच्या रेझिनमध्ये हार्डनर वाढवला तर तो आत नुसता पडून राहतो, माल वरून कडक दिसतो आणि आतून कायमचा मऊ राहतो. घाई असेल तर खोली तापवायची, माप हलवायचं नाही. हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या लॅकरचंही गणित तेच आहे, बारा वर्षं मी दोन डब्यांतलं मोजूनच मिसळतो आहे.

"आहे," मी म्हणालो.

त्याने कॅन उचलला आणि अर्धा पेला वरून ओतला. मी हाताची घडी घातली नाही. हात ओले होते.

दुसऱ्या दिवशी साच्यातून बॉनेट निघालं तेव्हा शेडमधले सगळे गोळा झाले. काळं, सरळ, एकही बुडबुडा नाही. धाकट्याने नाण्याने टकटक करत सगळ्या कडा तपासल्या आणि उठून म्हणाला, "दादा, माझ्यापेक्षा चांगलं आलंय." वस्ताद हसला. त्याचे पुढचे दोन दात पडलेत हे मला त्या दिवशी कळलं. दुपारी वहिनीने सगळ्यांसाठी काहीतरी गोड करून पाठवलं, डब्यासोबत मोठी मुलगी आली होती. वस्तादाने तिला बॉनेटजवळ नेलं आणि तिचा हात धरून त्यावरून फिरवला. म्हणाला, "बघ, टोचत नाही." मीही गोड खाल्लं. दोनदा घेतलं.

मग माल माझ्याकडे आला. लॅकरआधी वरून घासायचा कागद मारावा लागतो. कडक मालावर कागद कोरडी भुकटी काढतो. इथे तो चिकटत होता, वळ्या धरत होता. त्या क्षणी बोललो असतो तर साचा होता, कापड होतं, गिऱ्हाईक यायला आठवडा होता, वस्तादाने गुपचूप दुसरं केलं असतं. मी कागद बदलला. चार कागद बदलले आणि लॅकरचे तीन हात मारले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चकचकीत काम मी त्या मऊ बॉनेटवर केलं.

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. बॉनेट अंगणात लाकडी घोडीवर सकाळपासून ठेवलेलं, वस्ताद त्याच्या बाजूला पहारेकऱ्यासारखा उभा. काळी वस्तू उन्हात तापतेच. गिऱ्हाइकाने कौतुकाने त्यावर हात टेकला, वाकून विणकाम बघितलं, दोन शब्द चांगले बोललं आणि हात उचलला. हाताचा ठसा तिथे राहिला. पाच बोटं आणि तळवा, स्पष्ट.

धाकट्याने गिऱ्हाइकाला पुढच्या महिन्याचा वायदा देऊन रवाना केलं. मग बॉनेट स्वतः उचलून जमिनीवर ठेवलं.

"दादा, उभा राहा यावर."

कारागीर दारात येऊन थांबले होते. वस्तादाने चपला काढल्या. तीस वर्षं त्याने हे इतरांकडून करून घेतलं होतं, चपला काढायच्या असतात हे त्याच्या लक्षात होतं. तो चढला. बॉनेट करकरलं नाही, कुठे पांढरं पडलं नाही, मोडलंही नाही. नुसतं खाली बसत गेलं, भिजलेला पुठ्ठा बसावा तसं, आणि त्याच्या पावलांच्या बाजूंनी वर आलं.

"माप काय घेतलं होतंस?"

"शंभराला तीस," वस्ताद वरूनच म्हणाला. "काट्यावर. रंगारी समोर होता, विचार त्याला."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. वस्तादानेही पाहिलं, आणि त्याच्या नजरेत मला पहिल्यांदा विनवणी दिसली. मला वाटतं, त्याला ते अर्ध्या पेल्याचं माप आठवत होतं. पण ती चूक असेल हे त्याला आत्ता, या क्षणी, पायाखाली कळत होतं.

"काट्यावर बरोबर घेतलं होतं," मी म्हणालो. "मग वरून अर्धा पेला ओतला."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

हे वाक्य बारा वर्षं माझ्या तोंडात तयार होतं. मी ते घाई न करता बाहेर काढलं. "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

दारातला एक कारागीर हसला, मग सगळेच हसले. धाकट्याने आपला उजवा तळहात उघडला, त्याच्याकडे बघितलं, आणि तोही हसला. असं मोकळं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

वस्ताद हसू थांबेपर्यंत बॉनेटवर उभा होता. तो माझ्याकडेच बघत होता. तो म्हणू शकला असता की विचारलं होतं. 'आज गार आहे, नाही?' हे त्या माणसाने आयुष्यात कुणाला तरी विचारण्याच्या सगळ्यात जवळ जाऊन म्हटलेलं वाक्य होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं, मलाही. सगळ्यांसमोर तेवढं बोलला असता तर माझीच चपलांशिवाय उभं राहायची पाळी आली असती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मी विचारलं नाही."

तो खाली उतरला, चपला घातल्या, आणि कुणी सांगायच्या आत घासायच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसला.

अजून तिथेच आहे. भिंतीतून दिवसभर घासण्याचा आवाज येतो. वहिनी पुन्हा वेगळी बादली ठेवते, फक्त आता पाणी काळं निघतं. धाकटा त्याच्याशी वाईट वागत नाही, काम दाखवतो आणि निघून जातो. मला वाटलं होतं की हिशेब फिटल्यावर बरं वाटेल. दोन दिवस वाटलं. मग मी एकदा त्याला सांगायला गेलो की तुम्ही विचारलं होतंत, मी ऐकलं होतं. दारापर्यंत गेलो. त्याने मास्क खाली केला आणि वाट पाहिली, आणि मी म्हणालो, "पंखा नीट चालतोय ना?" तो म्हणाला, "चालतोय." मी परत आलो.

पुन्हा थंडी सुरू झाली आहे. सकाळी तो माझ्या दारावरून जातो तेव्हा मी कधीकधी म्हणतो, "आज गार आहे, वस्ताद." तो थांबतो, माझ्याकडे बघतो. मग मास्क लावतो आणि आत जातो.